रबेक कोणाच्या हाती? : वाद्यवृंदाचा वारसा आणि धर्मग्रामशाळा

पहिल्या इतिहासाच्या २५ व्या अध्यायात दाविदाने मंदिरसेवेसाठी गायक-वादकांची जी व्यवस्था लावून दिली तिचे वर्णन आले आहे. आसाफ, हेमान व यदूथून यांच्या घराण्यांतील २८८ निपुण माणसे मोजली गेली आणि बारा-बारांच्या चोवीस वर्गांत त्यांची विभागणी झाली. नावांच्या लांबलचक यादीमुळे हा अध्याय उपासनेत क्वचितच वाचला जातो. तथापि त्यातील दोन तपशील ध्यानात घेण्याजोगे आहेत. एक, हेमानाच्या चौदा पुत्रांबरोबर त्याच्या तीन कन्यांचाही उल्लेख तेथे आहे. दुसरा, सेवेची पाळी ठरविताना लहान व थोर, गुरू व शिष्य असा भेद न करता सर्वांनी सारख्याच चिठ्ठ्या टाकल्या. जो शिकला आहे त्याच्या शेजारी जो अद्याप शिकतो आहे त्याला बसविले गेले.

जगातील मोठमोठे वाद्यवृंद अलीकडे आपल्या शताब्द्या साजऱ्या करताना निरनिराळ्या समाजांतील मुलामुलींना मुद्दाम जवळ घेऊन शिकवू लागले आहेत. पुष्कळांना हा नव्या काळाचा विचार वाटतो. परंतु आपल्या देशात, आपल्याच परिसरात, या विचाराला चार शतकांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि त्यात ख्रिस्तमंडळीचा मोठा हात आहे. तो हात यशाचाही आहे आणि अपराधाचाही. दोन्ही बाजू मांडून आज धर्मगुरू व धर्मशिक्षक यांनी त्यातून काय घ्यावे याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

धर्मग्रामशाळेतील मेस्त

गोव्यात १५४१ साली ‘सांता फे’, म्हणजे ‘पवित्र श्रद्धा’, या नावाची संस्था व तिला जोडून मुलांसाठी एक विद्यालय स्थापन झाले. मिगेल व्हाझ व दियोगो द बोर्बा हे तिचे प्रमुख प्रवर्तक होते. १५४२ च्या मे महिन्यात संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास आले आणि काही वर्षांतच हे विद्यालय येशूसंघाच्या हाती जाऊन संत पावलाचे महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. येथे गोवेकर मुलांबरोबर कानडी, मलबारी, मलायी, हबशी अशी नाना देशांची मुले एकत्र राहत. लॅटिन व धर्मज्ञान यांच्या जोडीला त्यांना उपासनेतील गायन शिकविले जाई. भिन्न भाषांची मुले एका स्वरात गाऊ लागली ती अशा ठिकाणी.

या विद्यालयापेक्षाही दूरगामी परिणाम झाला तो गावोगावच्या धर्मग्रामशाळांचा. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून चर्चला लागून शाळा असावी अशी रीत गोव्यात पडत गेली. वाचन, लेखन, अंकगणित, धर्मशिक्षण आणि संगीत हे या शाळांचे विषय. शिक्षकाला लोक ‘मेस्त’ म्हणत. चर्चमधील गायनवृंद चालविणे हे त्याचे काम, आणि मुलांना सूर शिकविणे हेही त्याचेच. त्याला मिळणारे मानधन चर्चच्या निधीतून येई आणि ते बहुधा बेताचेच असे. आपल्या वाचकांपैकी जे धर्मशिक्षक आहेत त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे की, ज्या परंपरेतून पुढे शेकडो वादक निर्माण झाले तिचा कणा हा अल्प वेतनावरचा गावचा शिक्षक होता.

त्याची शिकविण्याची पद्धत साधी व कडक होती. मुलाच्या हाती आरंभी वाद्य दिले जात नसे. प्रथम स्वरलिपी वाचावयाची. पाच रेघांवरील चिन्हे पाहून, हाताने मात्रा मोजीत, स्वर मोठ्याने म्हणावयाचे. हा ‘सोल्फा’ पक्का झाला म्हणजे मगच रबेक हाती येई. गोव्यात व्हायोलिनला रबेक म्हणतात. या क्रमामुळे मुलगा ऐकलेली चाल उचलण्यावर थांबत नसे. पूर्वी कधी न ऐकलेली रचना कागदावरून वाजविण्याची पात्रता त्याच्या अंगी येई. पुढच्या इतिहासाची सारी किल्ली या एका गोष्टीत आहे.

शिकलेले लगेच वापरलेही जाई. रविवारची मिस्सा, गावचे फेस्त, उपवासकाळातील मोतेत, वाड्यावरील खुरसापुढची लदाईन, लग्न आणि प्रेतयात्रा या सर्व प्रसंगी गावचेच वादक असत. दहा-बारा वर्षांचा मुलगा आपल्या काकाच्या किंवा शेजाऱ्याच्या बाजूला उभा राहून दुसरा स्वर वाजवी. वाद्यवृंदाचे खरे शिक्षण मिळाले ते अशा उभे राहण्यातून.

वारशाची दुसरी बाजू

एवढेच सांगून थांबलो तर तो इतिहास होणार नाही. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील मंदिरे पाडली गेली होती. त्या मंदिरांच्या जमिनींचे उत्पन्न सांता फेच्या खर्चासाठी लावून देण्यात आले. ज्या विद्यालयात नाना देशांची मुले एका स्वरात गात होती त्याचा निर्वाह अशा उत्पन्नावर चालत होता, ही गोष्ट झाकून ठेवता येत नाही.

१५६० ते १८१२ या काळात, मधली थोडी वर्षे वगळता, गोव्यात इन्क्विझिशनचा अंमल होता. १७३६ साली इन्क्विझिशनने काढलेल्या फर्मानात ख्रिस्ती कुटुंबांच्या चालीरीतींवर जी अनेक बंधने आली त्यांत लग्नघरी ओव्या म्हणण्यास मनाई हेही एक होते. ओवी ही मराठी व कोकणी घरातील स्त्रीची स्वतःची वाणी आहे. जात्यावर, पाळण्यापाशी, लग्नाच्या मांडवात ती पिढ्यान्‌पिढ्या म्हटली जात आली. मुलाच्या हातात रबेक देणारी मंडळी त्याच्या आईच्या तोंडची ओवी बंद करू पाहत होती. धर्मग्रामशाळेतील संगीतशिक्षणही बहुतांशी मुलग्यांपुरते राहिले. हेमानाच्या कन्यांना तेथे जागा नव्हती. शिवाय अनेक गावांतील कन्फ्रारिया, म्हणजे चर्चमधील बंधुसंघ, जातीनुसार विभागलेले होते. फेस्ताचा मान कोणी घ्यावा, विशिष्ट वस्त्र कोणी परिधान करावे यावरून झालेले तंटे सर्वपरिचित आहेत. वेदीपुढे एकच सूर आणि मिरवणुकीत वेगवेगळ्या ओळी, असा विरोध शतकानुशतके नांदला.

याच भूमीत दुसरी वाटही दाखविली गेली होती, हे येथे नमूद केले पाहिजे. इंग्लंडहून आलेले येशूसंघी धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत, ओवी छंदात, ‘ख्रिस्तपुराण’ रचले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापला गेला आणि चर्चमधून तो गाइला जाऊ लागला. म्हणजे ज्या छंदावर १७३६ साली बंदी आली त्याच छंदात त्याच्या १२० वर्षे आधी शुभवृत्त गाइले गेले होते. बंदी घालणाऱ्यांना पर्याय ठाऊक नव्हता असे म्हणण्यास जागा उरत नाही.

लोकांनी मात्र बंदीला आपल्या परीने उत्तर दिले. एकोणिसाव्या शतकात बहरलेल्या मांडो या गीतप्रकारात रबेक आणि घुमट ही दोन वाद्ये शेजारी शेजारी आली. मातीच्या भांड्याला चामडे ताणून केलेले घुमट हिंदूंच्या आरतीतही वाजते. चर्चच्या शाळेतून आलेले वाद्य आणि घरच्या अंगणातले वाद्य यांचा मेळ कोणत्याही सभेच्या ठरावाशिवाय जमला.

मुंबईच्या वाटेवर

एकोणिसाव्या शतकात गोव्यातील शेतीवर लोकांचा निर्वाह होईना. १८८८ च्या सुमारास मुरगाव बंदर लोहमार्गाने ब्रिटिश मुलुखाशी जोडले गेले, आणि बेळगाव, पुणे, मुंबई ही शहरे गोवेकरांना जवळची झाली. मुंबईच्या धोबीतलाव भागात गावोगावच्या ‘कूड’ निघाल्या. गावातून येणाऱ्या तरुणाला तेथे अल्प भाड्यात पथारी टाकण्यापुरती जागा मिळे आणि संध्याकाळी सर्वांबरोबर प्रार्थनेस बसावे लागे. या तरुणांपैकी कित्येकांजवळ पदवी नव्हती आणि भांडवलही नव्हते. परंतु स्वरलिपी वाचता येत होती. लष्करी पलटणींचे बँड, संस्थानिकांची वाद्यपथके, आगबोटी, हॉटेले आणि मूकपटांची नाट्यगृहे यांना नेमके असेच लोक हवे होते.

१९३१ साली ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट आला. पडद्यासमोर बसून मूकपटांना साथ करणाऱ्या वादकांची गरज संपली, आणि थोड्याच वर्षांत तेच हात चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत दिसू लागले. संगीतकार चाल सांगत, आणि ती चाल प्रत्येक वाद्यासाठी कागदावर उतरवून देण्याचे काम गोवेकर वादक-लेखक करीत. सेबास्तियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्ध असलेले आंतोनियो झेवियर व्हाझ ही त्यांतील काही नावे. रसिकांना गायक व संगीतकार ठाऊक असत, या लेखनिकांची नावे मात्र बहुधा श्रेयनामावलीतही येत नसत.

दुसरीकडे मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. नेतृत्व पारशी गृहस्थाकडे, तर वादकांत गोवेकर ख्रिस्ती मोठ्या संख्येने, असा त्याचा साज होता. विविध समाजांचे लोक एकाच कागदावरून एक रचना वाजवितात, ही गोष्ट मुंबईने अशा प्रकारे पाहिली.

या परंपरेचे उत्तम फळ म्हणून आम्ही अँथनी गोन्साल्विस यांचे नाव घेऊ. त्यांचा जन्म १९२७ साली सासष्टीतील माजोर्डा गावी झाला. वडील तेथील चर्चचे गायनवृंदप्रमुख होते. मुंबईस येऊन गोन्साल्विस चित्रपटसंगीतातील नामवंत व्हायोलिनवादक व शिक्षक बनले. त्यांना हिंदुस्थानी रागसंगीताची ओढ लागली, आणि रागांवर आधारलेल्या रचना पूर्ण वाद्यवृंदासाठी लिहाव्यात या ध्यासाने त्यांनी १९५८ साली शंभरावर वादकांचा एक वृंद जमविला. सेंट झेवियर महाविद्यालयाच्या आवारात त्याचा कार्यक्रम झाला व त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे यांनीही भाग घेतला. तो वृंद फार काळ टिकला नाही. परंतु त्यांचे विद्यार्थी टिकले. त्यांपैकी प्यारेलाल शर्मा यांनी लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतून पुढे मोठे नाव मिळविले, आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील एका गाण्यात गुरूचे नाव गुंफून ऋण व्यक्त केले. चर्चच्या मेस्ताचा मुलगा एका हिंदू वादकाच्या मुलास शिकवितो, आणि तो शिष्य गुरूचे नाव देशभर पोहोचवितो. २०१२ साली गोन्साल्विस यांचे निधन झाले.

मैहरची अनाथ मुले

आता आम्ही वाचकांना गोव्यापासून दूर, मध्य प्रदेशाच्या ईशान्य भागातील मैहर या लहानशा जुन्या संस्थानात नेऊ इच्छितो. वरवर पाहता या दोन ठिकाणांचा संबंध नाही. पण तो आहे, आणि तो कलकत्त्यामार्गे आला आहे.

उस्ताद अल्लाउद्दीन खाँ हे पूर्व बंगालमधील खेड्यातले. संगीताच्या वेडाने लहानपणी घर सोडून ते कलकत्त्यास गेले. तेथे त्यांनी अनेक गुरू केले. विवेकानंदांचे आप्त हाबू दत्त यांच्याकडे त्यांना वाद्यवृंदाची ओळख झाली. पाश्चात्य पद्धतीचे व्हायोलिन मात्र ते लोबो यांच्याकडे शिकले. लोबो हे गोवेकर ख्रिस्ती होते आणि कलकत्त्याच्या ईडन गार्डनमध्ये वाजणाऱ्या बँडचे प्रमुख होते. गोव्याहून बाहेर पडलेल्या वादकांच्या ज्या प्रवाहाचे वर्णन वर केले, त्यातीलच एक धारा अशी बंगालपर्यंत गेली होती. एका मुसलमान तरुणाला ख्रिस्ती बँडमास्तराने आपली विद्या दिली.

पुढे रामपूरच्या वझीर खाँ यांच्याकडे खडतर शिक्षण घेऊन अल्लाउद्दीन खाँ १९१८ साली मैहरचे महाराज ब्रिजनाथ सिंह यांच्या आश्रयास आले. त्याच वर्षी इन्फ्लुएन्झाची भीषण साथ देशभर पसरली व असंख्य मुले पोरकी झाली. मैहरमध्ये अशी मुले उस्तादांच्या हाती आली. त्यांत हिंदू होती, मुसलमान होती, निरनिराळ्या जातींची होती. त्यांना अक्षरओळखही नव्हती. उस्तादांनी त्यांना स्वर तोंडी शिकविले, प्रत्येकाचा कल पाहून वाद्य दिले आणि त्यांचा वाद्यवृंद उभारला. तो ‘मैहर बँड’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

या वृंदात सतार होती, व्हायोलिन होते, चेलो होता, हार्मोनियम होते. एक वाद्य तर उस्तादांनी स्वतः घडविले. निकामी बंदुकांच्या नळ्या निरनिराळ्या लांबीच्या कापून त्या स्वरांत लावल्या, आणि काठ्यांनी वाजविण्याचे ‘नलतरंग’ तयार झाले. तलवारीचे फाळ करण्याविषयीचे यशयाचे भाकीत आपल्याला परिचित आहे. मैहरमध्ये बंदुकीच्या नळीतून अनाथ मुलांनी सूर काढला, ही घटना उपदेशकाने आपल्या टिपणवहीत लिहून ठेवण्यासारखी आहे.

उस्तादांनी या मुलांसाठी रागांवर आधारलेल्या कित्येक रचना केल्या. स्वतः निष्ठावान मुसलमान असून मैहरच्या शारदादेवीवर त्यांची भक्ती होती. त्यांच्या घरी पुढे रविशंकर, पुत्र अली अकबर आणि कन्या अन्नपूर्णा असे जगद्विख्यात शिष्य घडले. रविशंकर यांनी आकाशवाणीच्या वाद्यवृंदाचे संचालन केले त्यामागे मैहरचा संस्कार होता हे उघड आहे. उस्ताद १९७२ साली निवर्तले, आणि मैहरचा वृंद त्यांच्या मागेही चालत राहिला.

आमच्या मते या सर्व इतिहासाचा अर्थ मैहरमध्ये पूर्णपणे प्रकट होतो. गोव्याच्या शाळेने मुलाच्या हाती वाद्य दिले, पण ते देताना जात, लिंग व धर्म यांच्या मर्यादा पाळल्या आणि घरच्या गाण्याला दाराबाहेर ठेवले. मैहरमध्ये शिक्षकासमोर मूल होते, आणि ते पोरके आहे एवढेच त्याच्या प्रवेशासाठी पुरेसे झाले. रबेक आणि सतार यांपैकी काहीही बाहेर राहिले नाही. मंडळीने आरंभ केलेले काम मंडळीच्या कुंपणाबाहेर अधिक विशाल झाले, हे आपण नम्रतेने मान्य करावे.

आजची स्थिती

१९६१ नंतर गोव्यात सरकारी व खाजगी शाळांचा झपाट्याने प्रसार झाला. ही अर्थात स्वागतार्ह गोष्ट होती. परंतु मुलांचा सारा दिवस नव्या शाळेत जाऊ लागला आणि धर्मग्रामशाळेतील संगीताचे वर्ग ओस पडत गेले. चित्रपटगृहांना व ध्वनिमुद्रणगृहांना पुढे विद्युत्‌वाद्ये पुरेशी वाटू लागली, तेव्हा वादकाचा व्यवसायही आटला. मुंबईत २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला तेव्हा त्यातील अनेक वादक परदेशांतून आणावे लागले. ज्या किनाऱ्याने एके काळी साऱ्या देशाला वादक पुरविले त्याच्या शेजारी हे घडले. त्या संस्थेने पुढे मुलांसाठी शिक्षणवर्गही सुरू केले ते याच अनुभवातून, असे म्हणता येईल.

तथापि गोव्यात धागा तुटलेला नाही. आंतोनियो फिगेरेदो यांनी १९५२ साली पणजीत संगीत अकादमी काढली, आणि तेच कार्य पुढे कला अकादमीच्या पाश्चात्य संगीत विभागातून चालू राहिले. या विभागाचे प्रमुखपद भूषविलेले फादर लूर्दिनो बार्रेतो हे धर्मगुरू ख्रिस्ती संगीत आणि भारतीय संगीत यांच्या नात्याचे अभ्यासक होते. २००९ साली गोव्यात चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन ही संस्था निघाली. वंचित घरांतील मुलामुलींना ती व्हायोलिन, चेलो यांसारखी वाद्ये शिकविते. घुमटाला गोवा शासनाने २०१९ साली राज्याचे वारसावाद्य म्हणून मान्यता दिली. पूर्वीच्या शाळेने ज्यांना वगळले ते मूल आणि ते वाद्य आता आत येत आहेत.

आपल्या सेवेच्या दृष्टीने

वारसा साजरा करण्याची आपली रीत बहुधा अशी असते की, चर्चच्या शताब्दीला बाहेरगावचा बँड मोठ्या खर्चाने आणावा, स्मरणिकेत जुन्या मेस्तांची छायाचित्रे छापावीत, आणि दुसऱ्या दिवशी गायनवृंदाची माडी पुन्हा रिकामी असावी. वर सांगितलेल्या इतिहासावरून आम्हांस तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, शिक्षकाविषयी. शाळा चालली ती मेस्तामुळे. एखाद्या धर्मग्रामास शिक्षकाला मानधन देणे शक्य नसेल, तर तीन-चार धर्मग्रामांनी मिळून एक शिक्षक नेमावा. सणाच्या एका दिवसाचा खर्च कमी करूनही हे साधता येईल.

दुसरी, विद्येविषयी. मुलाला चार गीते पाठ करवून घेणे पुरेसे नाही. त्याला स्वर वाचता व लिहिता येऊ द्यावेत, मग ते पाश्चात्य लिपीत असोत वा भातखंडे यांच्या पद्धतीने. गोव्यातील मुलगा मुंबईत व कलकत्त्यात पोट भरू शकला तो या साक्षरतेमुळे. आपण शिकविलेले मूल पुढे चर्चमध्ये वाजवील की अन्यत्र, याची चिंता शिक्षकाने करू नये. लोबो यांनी तशी चिंता केली असती तर मैहरचा वृंद निराळा झाला असता.

तिसरी, दाराविषयी. बेळगाव, वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील आपल्या मंडळ्यांत एकाच बाकावर मराठी, कन्नड, गुजराती, हिंदी व तेलुगू बोलणारी मुले बसतात. गायनवृंदात मात्र काही ठरावीक घरांतील मुलेच वर्षानुवर्षे दिसतात. ज्या घरात पेटी नाही, ज्या घरात वडील नाहीत, ज्या वस्तीतून मुलगी संध्याकाळी बाहेर पाठविली जात नाही, तेथे धर्मशिक्षकाने स्वतः जाऊन विचारावे. आणि त्या घरातून ओवी, ढोलकी किंवा घुमट आले तर त्यासाठीही वृंदात जागा करावी. १७३६ ची चूक आपण लहान प्रमाणात दरवर्षी पुन्हा करू शकतो, कारण तिला फर्मान लागत नाही. कोणी विचारलेच नाही, एवढ्यानेही ती होते.

येत्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभी प्रत्येक धर्मगुरूने आपल्या धर्मग्रामात कोणकोणती वाद्ये धूळ खात पडली आहेत याची एक यादी करावी. तिच्या समोर वाद्य वाजविण्याची इच्छा असूनही ज्यांना आजवर कोणी बोलाविले नाही अशा मुलामुलींची दुसरी यादी धर्मशिक्षकाने लिहावी. या दोन याद्या शेजारी ठेवल्या म्हणजे पुढील कामाची दिशा आपोआप स्पष्ट होईल, असा आम्हांस विश्वास वाटतो.